भिंतीखालची फरशी

बाबा,

उद्या चिखलीहून नायब तहसीलदार आपल्या गावची बारव पाहायला येणार आहेत आणि आज माझा कशातच जीव लागत नाही. पाटलांच्या नातवाने पिंजाऱ्यांना पाणी बंद करून बारवेच्या दाराला कुलूप ठोकलंय. बारव आणि भोवतालची भिंत दोन्ही आमच्याच खापरपणज्याने एकाच वेळी बांधली, म्हणून पाणी आमचं, असं तो म्हणतो. सगळं गाव त्याच्या बाजूने साक्ष देणार आहे. पिंजाऱ्यांच्या बाया नदीत झरे उकरून पाणी भरतात, ते पाहून माझं डोकं फिरतं.

हाच वाद तुमच्या वेळी पारावर निघाला होता. जुने पाटील हसत म्हणाले, "मास्तर, पाचामुखी परमेश्वर. तुमीच एकटे काऊन वाकडे चालून राह्यले?" तुम्ही विचारलंत, "पर ह्या पाचायनं आयकलं कोनापासून? तुमच्याच आज्यापासून ना? मंग तोंड एकच झालं." घरी येता ते थेट चुलीपाशी बसता आणि उलथण्याने सारवण खरवडायला लागता. "पाह्य बे, खालचा थर आधीचा. बारवेची फरशी भिंतीच्या खाली गेली असंन, तर भिंत मांगून आली, बारव पाटलायच्या आधीची. खांदून पाहा लागते." माय ओरडते, "गावाचं खांदा ना! माही चूल काऊन उकरून राह्यले?" अजून हसू येतं मला.

भिंत खणायच्या आधीच तुम्ही तापाच्या साथीत गेलात. आता तुमच्याच शाळेत मी मास्तर आहे, आणि फरशी भिंतीखाली जाते असं पोरांना छातीठोकपणे सांगतो. काल पिंजाऱ्यांची म्हातारी दारात आली. "मास्तर, तुमच्या अब्बानं सोताच्या डोयानं पाह्यलं होतं ना?" मी "हाव" म्हणून गेलो. मग रात्रभर तळमळलो. गावाने पाटलाच्या आज्याचं ऐकलं, मी तुमचं. फरक तो काय?

दुपारी पहार घेऊन भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेलो. हातभर उकरलं असतं तर कळलं असतं. गावाची भीती नव्हती. फरशी निघाली नाही तर, याची होती. तसाच परत आलो.

उद्या साहेबांना सांगणार आहे, कोणाचीच साक्ष घेऊ नका, माझ्या बापाचीही नको, सगळ्यांसमोर खणा. म्हातारीलाही तेच सांगून आलो, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं हेही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहितो.

बाबा, फरशी असू द्या हो तिथं.