दुसरी पसंती

अप्पा, मंगळवारी मी काकांना भेटून आले. तुमच्या शेजारच्या मशीनवर अठरा वर्षं बसलेल्या काकांना. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण दुपारी दुकानातून वर जेवायला येताना तुम्ही दोघं बरोबरच यायचात आणि आई न विचारता दोन ताटं मांडायची. त्या निवडणुकीनंतर आपल्या घरात त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. आता ते चामराजपुरमला मुलीकडे राहतात. नव्वदीला टेकलेत, ऐकायला कमी येतं, पण नजर अजून तीक्ष्ण आहे. मी दारात उभी राहिले तेव्हा ते खिडकीपाशी बसून नातवाच्या शर्टाची उसवलेली बाही हातानं शिवत होते. त्यांनी मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मुलीला म्हणाले, "अय्यो, ही त्याची पोर. उभं राहणं बघ, बापाचंच." तुमचं नाव त्यांनीही घेतलं नाही. "त्याची" म्हणाले.

मी इथे, आपल्या जुन्या शहरात परत आले आहे हे तुम्हाला सांगायचं राहिलं. खरं तर खूपच काही राहिलं, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी मेलबर्नला होते आणि विमान पकडून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. धाकट्या भावानं मला स्टेशनवरून सरळ नदीवर नेलं. आता तोही नाही. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगी तिकडेच सिडनीला नोकरी करते, आणि मी सरस्वतीपुरमला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेऊन राहते. दूधवाला, भाजीवाली, खालचे पेन्शनर मास्तर या सगळ्यांशी कन्नडमध्ये बोलते. समोरच्या घरात पुण्याहून आलेलं एक तरुण जोडपं आहे, मला मराठी येतं म्हटल्यावर त्यांना आनंद झाला, पण मी दोन वाक्यं बोलले आणि ती मुलगी हसू दाबून म्हणाली, "आन्टी, तुमचं मराठी किती गोड आहे!" त्यानंतर मी तिच्याशी इंग्रजीतच बोलते. आपलं घरचं मराठी, तुमच्या दुकानातलं, मधेच कन्नडकडे वळणारं, ते बोलायला माणूस उरला नाही. काकांकडे जायचं एक कारण ते होतं. दुसरं कारण मी मनाशी बरेच महिने घोळवत होते.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि पहिल्यांदाच मत देणार होते. आपल्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी यायचं. एकादशीचं भजन संपल्यावर देवळातच बैठक झाली की कार्पोरेशनच्या निवडणुकीला या वेळी आपल्यातलाच माणूस उभा करायचा. मी बायकांच्या बाजूला बसले आहे, तुम्ही मांडीवर टाळ ठेवून बसला आहात, आणि अर्धे लोक तुमचं नाव घेतायत, अर्धे काकांचं. तुम्ही म्हणता, "मला कशाला, त्याला करा." काका म्हणतात, "मला कशाला, तो मोठा आहे." सगळे हसतात. ठरत काहीच नाही. आठ दिवसांनी दोघांनीही अर्ज भरले होते. शिलाई मशीन हे चिन्ह दोघांनीही मागितलं, म्हणून चिठ्ठी टाकली. मशीन तुम्हाला मिळालं, काकांना छत्री. तुम्ही घरी येऊन आईला हे हसत हसत सांगितलंत, पण काका त्या दिवशीही जेवायला वर आले नाहीत.

चिन्हं वाटली त्याच्या आदला, अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस मला नीट आठवतो. तुम्ही शाळेचे युनिफॉर्म शिवत बसला होतात, निळ्या कापडाचे. काकांचं मशीन बंद होतं, ते घरी होते. आई दोनदा खाली येऊन गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "जाऊन बोला तरी त्याच्याशी. तीन वाजेपर्यंतच मुदत आहे."

"त्यानं यावं," तुम्ही मान वर न करता म्हणालात.

"तो नाही आला तर?"

"नाही आला तर नाही. मी काय त्याच्या दारात जाऊ? लहान कोण?"

तीन वाजले, साडेतीन वाजले. तुम्ही पायडल मारत राहिलात. मंगळवारी काकांनी मला सांगितलं की तेही तीन वाजेपर्यंत ओट्यावर चपला घालून बसले होते. "दुकान त्याचं, गिऱ्हाईक त्याचं, देवळात पुढे बसायचा मान त्याचा. एकदा तरी येऊन म्हणेल, तू उभा राहा, असं वाटलं मला," ते म्हणाले. "म्हणाला असता, तर मी तिथल्या तिथे अर्ज मागे घेतला असता. मला तेवढंच ऐकायचं होतं."

दोघंही पडलात. निवडून आला तो बोअरवेलच्या लॉऱ्यांचा मालक, ज्याला आपल्या नळाला पाणी न येण्यातच फायदा होता. तुमची आणि काकांची मतं एकत्र असती तर तो पडला असता, हे दुसऱ्या दिवशी गल्लीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून ताक मागितलंत आणि म्हणालात, "त्यानं मला पाडलं." काकांच्या घरी तेच वाक्य काका म्हणाले असणार. सोमवारी एक हातगाडी आली आणि काकांचं मशीन घेऊन गेली. तुम्ही तेव्हा गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेत होतात. टेप त्याच्या भोवती धरून तुम्ही तसेच उभे राहिलात, आणि शेवटी तो माणूसच म्हणाला, "मास्तर, आयतु का?" झालं का म्हणून.

आता तिकडचं सांगते, कारण मला काकांना जे सांगायचं होतं ते तेच होतं. ऑस्ट्रेलियात मत द्यायला शिक्का नसतो अप्पा, पेन्सिल असते. पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाची हिरवी मतपत्रिका देतात आणि जितके उमेदवार तितक्या सगळ्यांना नंबर घालायचे. सगळ्यात आवडता एक, तो नाही तर दोन, तोही नाही तर तीन. एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. मी तिथली नागरिक झाले त्या वर्षी पहिल्यांदा त्या पुठ्ठ्याच्या आडोशात उभी राहिले आणि मला वाटलं, आवडत नसलेल्या माणसांचाही इतका विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. पुढे मी निवडणुकीच्या दिवसांत हंगामी काम घ्यायला लागले. केंद्रावर बसायचं, नंतर मोजणीला जायचं.

इकडे यायच्या आधीच्या निवडणुकीत मी शेवटची मोजणी केली. मतदान होऊन बरेच दिवस झाले होते, आमच्या भागाचा निकाल अटीतटीचा होता. गोदामासारखी मोठी जागा, लांबलचक टेबलं, भर दुपारचं ऊन पत्र्यावर. पहिल्या पसंतीत मोठ्या पक्षाचा एक माणूस पुढे होता. पण निम्म्याच्या वर मतं कुणालाच नव्हती, आणि निम्म्याच्या वर गेल्याशिवाय तिथे जिंकत नाहीत. मग सगळ्यात कमी मतं असलेल्याला बाद करायचं. ती एक बाई होती, एका छोट्याशा पक्षाची. तिकडच्या ओढ्याकाठची झाडं वाचवायची एवढाच तिचा मुद्दा. तिचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी रबर काढलं आणि एकेक पत्रिका उचलून दोन नंबर कुणाला दिलाय ते बघून त्या त्या उमेदवाराच्या ढिगावर ठेवायला लागले. मग त्याच्यावरचा बाद, त्याचा गठ्ठा सुटला. मग त्याच्यावरचा. त्या झाडंवाल्या बाईच्या पक्षाचा एक म्हातारा माणूस देखरेखीला आला होता. त्यांना कागदाला हात लावायची परवानगी नसते, नुसतं बघायचं. हात मागे बांधून तो माझ्या खांद्यावरून बघत होता. संध्याकाळ व्हायच्या आत पहिल्यापासून पुढे असलेला माणूस मागे पडला आणि दुसरी एक उमेदवार निवडून आली, जिनं त्या ओढ्याबद्दल या छोट्या पक्षाला शब्द दिला होता. तिथले मोठे पक्ष छोट्यांकडे जातात ते याचसाठी. आपल्या माणसांना सांगा, दुसरा नंबर आम्हाला द्या. ऐकायचं की नाही ते मतदाराच्या हातात. तो म्हातारा स्वतःचा पक्ष सगळ्यात आधी बाद झालेला असूनही हसत होता. मला म्हणाला, "आमची बाई पडली, पण आमची माणसं शेवटपर्यंत मोजली गेली." आम्हाला उत्तर द्यायची मनाई असते. मी मान खाली घालून रबर लावत राहिले, आणि मला तुम्ही दिसत होतात, टेप धरून उभे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. आपल्या गल्लीत हे असतं तर? काका बाद झाले असते, त्यांची मतं तुमच्याकडे आली असती. किंवा तुम्ही बाद, आणि तुमची त्यांच्याकडे. कुणी कुणाला पाडलं नसतं. मशीन दुकानातच राहिलं असतं. हे मी तिकडच्या मैत्रिणींना इतक्यांदा सांगितलं की ती माझी एक गोष्टच झाली होती. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे.

मंगळवारी मी ती काकांना सांगितली. त्यांच्या शिवणाच्या डब्यातला कापडावर खुणा करायचा खडू घेतला, पेपरवर मशीन काढलं, छत्री काढली, लॉरी काढली, आणि मोठ्यानं, त्यांच्या कानाशी, सगळं समजावलं. त्यांनी शर्ट बाजूला ठेवला आणि अगदी लक्ष देऊन ऐकलं.

"हौदा? असं होय?" ते म्हणाले. "म्हणजे पडलेल्याचं मत वाया जात नाही?"

"नाही काका. तुम्ही स्वतःला एक नंबर द्यायचा. मग दोन नंबर कुणाला, ते सांगायचं."

मी खडू त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आता हे मशीनवर दोन लिहितील. इतक्या वर्षांनी, त्यांच्या हातानं. त्याच्यासाठीच मी गेले होते अप्पा, दुसरं काही नाही. त्यांनी छत्रीवर एक लिहिला. मग खडू खाली ठेवला.

"खोटं कशाला लिहू," ते म्हणाले. "आता लिहीन ग. आता सगळंच लिहीन. पण तेव्हा त्याला मी शेवटचा नंबर दिला असता. लॉरीवाल्याच्या पण खाली."

"काका, पण पाण्यासाठी—"

"पाणी कुठलं घेऊन बसलीस. राग होता. त्यानंही मला तेच केलं असतं. तू त्याची पोर आहेस, तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक आहे. त्यांची मुलगी कॉफी घेऊन आली. आम्ही तिघं आईच्या आमटीबद्दल, जुन्या दुकानाच्या जागी झालेल्या मोबाइलच्या दुकानाबद्दल बोललो. निघताना ते म्हणाले, "परत ये. सुम्मने, नुसतं येऊन बस. या घरात नातवंडं सगळी कन्नड बोलतात." मी हो म्हटलं. तिठ्यापर्यंत चालत आले आणि बस दिसली तरी हात केला नाही, चालतच राहिले. इतकी वर्षं मी त्या कागदाच्या रचनेवर भरोसा ठेवून होते की तिनं तुम्हा दोघांना वाचवलं असतं. ती फक्त मोजते. नंबर घालणारी माणसं होतात तुम्ही.

आणि मीही. दहावीनंतर तुम्ही मला काज-बटणाला बसवलंत तेव्हा काका तुम्हाला म्हणाले होते, "पोरगीला कॉलेजला घाल, हिचं डोकं इथे गंजेल." तुम्ही त्यांच्यावर ओरडलात, मलाही बोललात की दुकानात तोंड वर करून ऐकत बसू नकोस. दोन दिवसांनी मात्र तुम्हीच माझ्याबरोबर फॉर्म आणायला आलात आणि उरलेल्या निळ्या कापडाची पिशवी शिवून दिलीत. ती पिशवी घेऊन मी तीन वर्षं कॉलेजला गेले. पण मतदानाच्या दिवशी शाळेच्या त्या खोलीत हातात शिक्का घेऊन उभी राहिले तेव्हा मला तुमचं ओरडणं आठवलं, पिशवी नाही आठवली.

निकालानंतर तुम्ही आईला म्हणाला होतात, "आपल्या घरातली तीन मतं तरी पक्की होती." मी दाराशी उभी होते. तुमची आणि आईची मिळून दोनच होती, अप्पा. तिसरं मी छत्रीला दिलं. तिकडच्यासारखी पेन्सिल असती तर दोन नंबर तुम्हाला दिला असता, पण एक नसता दिला. हे मी काकांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, आणि तुमच्या पाठीमागे त्यांना बरं वाटावं असं मला वाटलं नाही.