मायच्या नावावरचा दावा

लातूर, ८ जून २००५

ती. ताईस,
रामलिंगचा सा. न. वि. वि.

निकाल लागल्यापासून क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नाही. उदगीर, जळकोट, पार नांदेडहून पोरं येतायत. तुमच्या गावातले मास्तर संपले की काय? गौरम्मा म्हणते, आता घरीसुद्धा माझी हजेरी लावायला हवी.

डोकं फिरलंय ते वेगळ्याच गोष्टीनं. क्लासची वेबसाइट काढायला गेलो, तर ‘साखराबाई डॉट कॉम’ हे मायचं नाव कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. पत्ता नांदेडच्या एका नेट कॅफेचा. किल्लारीच्या भूकंपात माय गेली, घर गेलं. तिचं नाव तेवढं मी क्लासच्या पाटीवर जपलं, आणि आता तेही या चोरानं लाटावं? आत काहीबाही मजकूर आहे म्हणे. संतापानं मी उघडूनही पाहिला नाही. वकिलाकडून रीतसर तक्रार धाडली आहे. दाजींना त्या माणसाचा तपास करायला सांग.

लोभ आहेच, चोर सापडेपर्यंत जरा जास्त असू दे.

तुझा,
रामलिंग

नांदेड, १३ जून २००५

चि. रामलिंगास,
अनेक उत्तम आशीर्वाद. गौरम्मालाही.

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहिते. तुझा चोर सापडला. दाजींना तपास करावा लागला नाही. तो चोर रोज त्यांच्यासाठी भाकरी थापतो.

तीन वर्षांमागे मी ते नाव घेतलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून कॅफेवाल्या सिद्धेश्वरनं आपल्याच नावानं नोंदवून दिलं. मायचा एकुलता एक फोटो ढिगाऱ्यात गेला, आणि तिच्याबद्दल बोलायला गेलं की तू विषय बदलतोस. मग मी तिथं लिहू लागले. किल्लारीची माणसं पुण्याला, हैदराबादला पांगलीत, तीही लिहितात. कुणी तिच्या धपाट्यांबद्दल, कुणी तिच्या भांडणांबद्दल.

तुझी तक्रार सिद्धेश्वर घेऊन आला. इथले वकील म्हणाले, तुला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील. नाव तुझ्या क्लासचं आहे, ते खरंच. माझा त्यावर हक्क नाही, यावर भांडता येईल. पण तिसरी, मी ते वाईट हेतूनं घेतलं, हे वाचल्यावर मी कागद मिटून ठेवला. मी भांडणार नाही, बाळा. नाव तुला द्यायला सिद्धेश्वरला सांगितलंय. पान पुसण्याआधी एकदा तेवढं वाच.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

लातूर, १८ जून २००५

ती. ताईस,
रामलिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तक्रार मागे घेतली. वकील चिडला. त्याला सांगितलं, चोर घरचाच निघाला. सिद्धेश्वरला म्हणावं, नाव ताईच्या नावावर कर. क्लाससाठी मी दुसरं बघतो. पोरं शोधत येतात बरोबर.

पान वाचलं. गौरम्मा जेवायला हाका मारून थकली. किल्लारीतल्या आपल्या शेजारच्या धोंडाबाईनं कुणाकडून तरी लिहवून घेतलंय, की माय गल्लीभर सांगत फिरायची, आमचा रामलिंग लातुरात शिकायलाय, मास्तर होनार हाय. ताई, हे मला ठाऊकच नव्हतं. शेत सोडून शिकायला गेलो म्हणून ती माझ्यावर रुसूनच गेली, असं मी धरून चाललो होतो. म्हणून विषय बदलायचो गं.

मीही तिथं लिहायला बसलो. ‘माय’ एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. रविवारी नांदेडला येतो. तू शेजारी बस, मग लिहीन.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहे, ती अशीच राहू दे.

तुझा,
रामलिंग