नवव्या होलचा लव्हाळा

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज गवत कापायचं सोडून बॅग उचलली! स्पर्धेला आलेल्या स्वीडनच्या गुनिलाबाईंचा बॅग वाहणारा कॅडी आजारी पडला. मॅनेजर मयुरेश सर म्हणाले, "शाहिद, ग्रीन तुझ्याइतकी कुणाला कळते? यल्ला, चल. फक्त चेंडूला हात लावू नकोस." अकरा वर्षं आखातातल्या रिफाच्या या गोल्फ मैदानाचं, भोकाभोवतीच्या ग्रीनचं गवत राखतोय, पण खेळणाऱ्याबरोबर चालायची पहिलीच वेळ. बॅग जड आहे. एवढ्या काठ्या कशाला लागतात?

११ नोव्हेंबर

मोबाईलवर बाईंची माहिती वाचली. एकोणिसाव्या वर्षी पहिलं विजेतेपद, पुढे एकूण अकरा. मग मनगटाचं ऑपरेशन — आणि तीन वर्षं काहीच नाही. आता वय एक्केचाळीस. हंगामातली ही शेवटची स्पर्धा. पहिल्या पंधरात आल्या तरच पुढच्या वर्षी खेळायचं कार्ड, नाहीतर खलास. आमच्या रेसिडेन्स कार्डासारखंच — रिन्यू झालं नाही की चला घरी.

१२ नोव्हेंबर

विचारलं, बर्फात गोल्फ शिकलात कुठे? म्हणाल्या, वडिलांच्या गोठ्यात, जाळी बांधून. गाईंना किती चेंडू लागले ते विचारायचं राहिलं.

१४ नोव्हेंबर

दोन दिवस झाले, बाई बाराव्या. आज त्यांनीच मला विचारलं, हे गवत कुठल्या बाजूला झुकतं? अकरा वर्षांत असं विचारणारी पहिली खेळाडू. मी म्हटलं, मावळतीकडे. त्यांनी तसा नेम धरला आणि चेंडू सरळ भोकात. मी घरी येऊन नसीबाला तीनदा सांगितलं. बायको म्हणून तिने तीनदा ऐकलं.

१६ नोव्हेंबर

शेवटचा दिवस. नवव्या होलवर चेंडू ग्रीनच्या बाहेर पडला आणि त्याच्या अगदी मागे लव्हाळा उगवलेला. माझ्या मैदानात लव्हाळा! हात आपोआप गेला, मुळासकट उपटून खिशात टाकला. चेंडूला धक्का लागू दिला नाही. बाई थांबल्या. याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? सांगितलं. त्यांनी दोनदा "लव्हाळा" म्हणून पाहिलं, मग फटका मारला. चार फटक्यांत होल पूर्ण. नंतर त्यांचे फटके लिहिणाऱ्या जोडीच्या खेळाडूशी हळू काहीतरी बोलल्या.

शेवटी सोळाव्या आल्या. एका फटक्याने कार्ड गेलं. मला फार वाईट वाटलं. जाताना त्यांनी स्वतःची टोपी मला दिली. म्हणाल्या, तुझ्यामुळे ग्रीन कळली.

१७ नोव्हेंबर

नसीबाने धुवायच्या पँटमधून लव्हाळा काढला. "मैदानातला कचरा आता घरी पण आणायचा काय?"

१८ नोव्हेंबर

मयुरेश सरांना लव्हाळ्याची गोष्ट हौसेने सांगितली. ते हसता हसता थांबले. "फटका मारायच्या आधी उपटलास? अरे, चेंडूमागचं उगवतं गवत काढलं की दोन फटके दंड. कॅडीने काढलं तरी बसतो खेळाडूलाच." मग म्हणाले, "कुणी पाहिलं नाही ना? गप्प बस मग."

पंच तर लांब होता. अल्लाचं शुक्र, माझ्यामुळे दंड तरी बसला नाही. तरी चैन पडत नाही.

१९ नोव्हेंबर

स्पर्धेच्या साइटवर बाईंचं स्कोअरकार्ड उघडलं. नवव्या होलसमोर सहा लिहिलेत. मी मोजलेले चार होते.

आणि मला टोपी दिली.