पट्टीखालचे बूट

बाबा,
कॉम्प्युटर बिघडलेला नाही, उगाच दुरुस्तीवाल्याला बोलावू नका. खालची टास्कबारची पट्टी मीच लपवली आहे. माउस पार तळाशी नेलात की ती वर येते, बाजूला घेतलात की आपली आपण खाली जाते. चहा थर्मासमध्ये आहे, मी संध्याकाळी येतेच.

आई गेल्यापासून स्क्रीनवरचा तिचा फोटो बघून तुम्ही रोज विचारता, "ही एवढी कशाला हसत होती गं?" काल मी त्यावरून तुमच्यावर खेकसले, ते मनावर घेऊ नका. मलाही माहीत नव्हतं. तिचे पाय त्या पट्टीखाली झाकले जात होते.

आता नीट बघा. तुमचे ऑफिसचे बूट घालून उभी आहे, डावा उजव्या पायात!