लॉनवरचा राखणदार

१२ नोव्हेंबर २००१

आला एकदाचा ट्रक! ह्यांनी आमच्या भाट्याच्या बंगल्याच्या बागेसाठी आणखी जुन्या मूर्ती आणल्या. संगमेश्वराकडच्या एका गावात देऊळ नवं बांधलं, संगमरवरी देव बसवले. जुने दगडी देव मागे रानात. "नदीतच सोडणार होते गं. त्यापेक्षा लॉनवर शोभतील." शोभतील म्हणे! देव आहेत की कुंड्या?

त्यात एक वेशीवरचा राखणदार. हातात तलवार, नाक झिजलेलं. ह्यांनी तो व्हरांड्याकडे तोंड करून बसवला – पाहुण्यांना चेहरा दिसायला हवा! मी म्हटलं, अहो, राखणदाराची घराकडे पाठ असते, तोंड बाहेरून येणाऱ्याकडे. नुसते हसले.

१९ नोव्हेंबर

सानिका बाळंतपणाला आली. केवढं पोट! लेक आली की घर कसं भरून जातं.

२५ नोव्हेंबर

कुत्रा पायरी उतरत नाही. उचलून बागेत ठेवला तर शेपूट घालून परत वर. सानिकाला फिरायला नेलं, तर फाटकापाशी घेरी आली. घरात आणल्यावर ठीक. सकाळी हेही पायरीवरून पडले. तो राखणदार आम्हालाच परके समजतोय. बाहेरचं जग आमच्यापासून राखतोय! लिहितानाही अंगावर काटा येतो.

३ डिसेंबर

सानिकाला कळा सुरू झाल्या आणि गाडी फाटकाशी बंद! काही केल्या चालू होईना. पोर किंचाळतेय. मला काय सुचलं कोण जाणे, धावत गेले आणि राखणदाराच्या तोंडावर चादर टाकली. गाडी लगेच सुरू.

४ डिसेंबर

मुलगा झाला! दोघं दवाखान्यात, सुखरूप.

भागोजी माळ्याने पहार घालून राखणदार फिरवला. पाठ घराकडे, तोंड फाटकाकडे. मी नारळ ठेवला, माहेरी घालायचे तसं गाऱ्हाणं घातलं – "बा देवा म्हाराजा, आत आहेत त्यांना सांभाळ. बाहेरचं पाऊल आत येऊ देऊ नको." "व्हय म्हाराजा!" भागोजी ओरडला. ह्यांनीही हात जोडले. कुत्रा लगेच बागेत उंडारला. किती हलकं वाटलं!

८ डिसेंबर

बाळ फाटकातून आत आणलं की त्याचा श्वास थांबतो. बाहेर नेलं की पुन्हा श्वास घेतं, रडतं. चादर टाकून पाहिली, राहत नाही. वारा नसताना घसरते.

सानिका बाळाला घेऊन रस्त्यावर गाडीत बसलीय. तिथूनच विचारतेय, "आई, तू काय मागितलंस त्याच्याकडे?"