आईचं लांबलेलं प्रवचन

वाडुझ, ३ ऑक्टोबर १९८३

ती. क्रेसेन्झताई हिस सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून आईला डोंगरावरून खाली आणून इथल्या वृद्धाश्रमात ठेवलं. मी रोज भेटायला जाते, पण आल्यापासून तिने तोंडातून अक्षर काढलेलं नाही. डॉक्टर काही विचारतात, ती हात जोडून मान डोलावते. त्यांच्या मते वाचा आणि समज दोन्ही गेली. येत्या सोमवारी तिला भ्रमिष्टांच्या बंद विभागात हलवणार आहेत. जन्मभर डोंगरात राहिलं की माणसाचं असंच होतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

तुझी,
आडेलिंड

त्रीसेनबर्ग, ५ ऑक्टोबर

चि. लिंडी हिस अनेक आशीर्वाद. सोबत थोडी अक्कलही पाठवते आहे, जपून वापर.

डॉक्टर हानोव्हरकडचे ना? शुद्ध जर्मन झाडत असतील. अगं, आईशी त्या भाषेत आजवर फक्त पाद्रीच बोलला. तो बोलला की हात जोडायचे, मान डोलवायची, उलट बोलायचं नाही. आई तेच करते आहे बिचारी. तिला वाटत असेल, यंदा प्रवचन फारच लांबलं.

आणि तू गं? तूही तिच्याशी तसंच बोलतेस ना? आपली बोली वाडुझच्या दिवाणखान्यात शोभत नाही म्हणे! लग्न करून डोंगर उतरलीस आणि जीभ वरच ठेवून गेलीस. इथे माझ्या गायींनाही आपली बोली कळते, तुझ्या पोरींना कळत नाही. लाज वाटते मला.

नवऱ्याला घरी बसव. मक्याचं रीबल करून ने आणि आईशी आपल्या बोलीत बोल. तिला कोंडू दिलंस तर मला तोंड दाखवू नकोस. लोभ ठेवायचा की नाही, ते सोमवारनंतर बघू.

क्रेसेन्झ

वाडुझ, ९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेले. कोणी ऐकू नये म्हणून आधी दार लावलं, मग विचारलं, आई, रीबल खातेस का. जीभ अडखळत होती गं. आईने जोडलेले हात सोडले, एक घास खाल्ला आणि मीठ कमी म्हणून मला झापलं. मग थांबेचना. तांबडी गाय व्याली का, तुझा पाय कसा आहे, सगळं विचारलं. मी डॉक्टरांना बोलावून ऐकवलं. त्यांना एक शब्दही कळला नाही, पण उद्याचं हलवणं रद्द झालं.

निघताना तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, इथे रोज एक बाई येते, अगदी पाद्र्यासारखी बोलते, जीव नकोसा करते. तिला सांग, उद्यापासून येऊ नकोस. लिंडी, तूच येत जा.

लोभाचं काय ठरलं ते कळव.

तुझी,
लिंडी