थोरलीच्या वाटेवरची दालचिनी

सुंगाई लिंतांग,
९ मार्च १९९५

चि. रस्मिदा हिस,
डोंगरावरून सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र येऊन पडलं होतं, पण मी वर रानात होतो. एका डच जोडप्याला नेलं होतं. दोघंही सत्तरीतले, दोघांच्याही गळ्यात दुर्बिणी, आणि दोघांना डोंगरी नवरंगच बघायचा. पावसात, जळवा उपटत, बुडाखाली पाला घालून आम्ही बसून राहिलो. शेवटी पक्षी आला, चार पानं उलटली आणि गेला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र, खरं सांगतो, एवढंच वाटलं की आता खाली उतरायला हरकत नाही. इतक्या सुंदर जिवाचा कंटाळा यावा याची लाज वाटते. पण माझे गुडघे लाजेला भीक घालत नाहीत.

उतरताना म्हाताऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारलाच, मी थोरलीला कधी पाहिलंय का. नाही म्हटल्यावर हसला. जन्म या रानात गेला आणि पाहिली नाही, असं ऐकून सगळेच पाहुणे हसतात. (तिचं खरं नाव कागदावरसुद्धा लिहवत नाही. रानाच्या कडेला राहणाऱ्याची खोड म्हण.)

आता मुद्द्याचं. परत येताना तुझ्या दालचिनीच्या शेतावरून आलो. ओढ्याच्या चिखलात तिचे ठसे होते, आणि शेजारी दोन लहान. वरच्या अंगाला खडकाखालची जाळी आहे ना, तिथं तिनं पिलं ठेवलीत. हे फक्त तुला सांगतोय. झाडांची पालवी अजून लाल आहे. ती हिरवी झाली की साल सुटू लागेल आणि तुझा व्यापारी मजूर पाठवेल. त्यांच्या कुऱ्हाडी, कुत्री, चुली. ती बिथरून कुणावर तरी जाईल, नाहीतर पिलं टाकून जाईल. गावात बोभाटा झाला की फासे लावणारे येतील ते वेगळंच.

या खेपेला झाडं राहू देशील का? पुढच्या पालवीला काढू. मी काय मागतोय ते मला कळतं. ती झाडं आईनं तुझ्या नेल्फीच्या जन्माला लावली, तिच्या शिक्षणासाठी. आणि नेल्फीला यंदाच नर्सिंगला जायचंय. तिचा बाप नाही. असता तरी आपल्यात भाचीचं मामानंच बघायचं असतं. मी तेच मोडतोय की काय, हे मलाच नीट कळत नाही.

लोभ आहेच, हे वाचूनही उरला तर कळव.

तुझा,
यूस्मारदादा

*

पादांग,
१९ मार्च १९९५

ती. दादास,
सलाम. रागावले आहे, तरी सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, जळवांनी तुझं सगळं रक्त प्यायलंय. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. मी इथं समुद्राकाठी बसून बिनधास्त लिहिते: वाघीण, वाघीण, वाघीण. आली का ती माझ्या शिलाई मशीनपाशी?

मला एकच सांग, तू माझ्या मुलीचा मामा आहेस की त्या वाघिणीच्या पिलांचा? झाडं उभी आहेत हे सांगून मी नेल्फीला वाढवलं. शेजारणी सोनं जमवत होत्या तेव्हा मी म्हणायचे, माझं सोनं डोंगरावर वाढतंय. आता कॉलेजात काय सांगू, की आमच्या सोन्याखाली बाळंतीण निजलीय, पुढच्या वर्षी या?

नेल्फीला वाचून दाखवलं. वाटलं, रडेल, भांडेल. ती म्हणाली, मामानं आजवर आपल्याकडे कधी काही मागितलंय का. मी म्हटलं, मागितलं नाही ते बरंच होतं. मग रात्रभर मशीन चालवलं आणि एकच बाही दोन वेळा उलटी जोडली.

ऐक. व्यापाऱ्याला मी नको म्हणून कळवलंय. पण झाडं सबंध राहू देणार नाही. खालच्या अर्ध्या शेतातली काढ. तोडायची नाहीत, उभ्या झाडांची हात पोचेल तिथवरची साल सुरीनं सोडव. कुऱ्हाड नको, कुत्रं नको, चूल नको. वरची साल झाडावरच वाळून वाया जाईल, ते नुकसान माझं. पहिल्या वर्षाचं तेवढ्यात निघेल, पुढचं मशीन बघेल. आणि तुझी पाठ मला ठाऊक आहे, म्हणून मजुरांऐवजी नेल्फीला पाठवतेय. तिला काही झालं तर मी स्वतः डोंगर चढून येईन, आणि मग त्या वाघिणीलाच तुझी दया येईल.

प्रेम आहे, पण सध्या उकळतंय.

तुझी,
रस्मिदा

*

सुंगाई लिंतांग,
१४ एप्रिल १९९५

प्रिय आईस,
सलाम, आणि मी धडधाकट आहे. हे आधी लिहायचं असं तूच बजावलं होतंस.

हात सोलले गेलेत, नखांना दालचिनीचा वास बसलाय, भातसुद्धा गोडसर लागतो. पहाटे शेतात जायचं आणि ऊन उतरलं की परत. मामा खाली बसला की उठताना झाडाला धरतो आणि मला दिसलं नसेल असं समजतो. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. म्हणजे भांडण नाही, नियम आहेत. नावानं हाक मारायची नाही. शीळ नाही. तिचं नाव तर नाहीच. दिसली तर तोंड मिटायचं, पळायचं नाही, आणि आपण तिच्या अंगणात आलोय हे मनात म्हणायचं. पहिल्या दिवशी मला हसू येत होतं. मामा कुजबुजला, हसू आलं तर सालीकडे बघ, तीही हसणाऱ्याच्या हातात फाटते. खरंच फाटली.

आता जे लिहिते ते मामाला कळवू नकोस. काल दुपारी भात खाऊन तो वाळत घातलेल्या सालीवर आडवा झाला, ओढ्याकडे पाठ करून, आणि लगेच झोपला. मी सुरी पुसत होते. समोर ओढ्यापाशी ती उभी होती. आई, ती चित्रातल्यासारखी नव्हती. बारीक झालेली, पोट लोंबणारं, एका कानाला चीर. तुझ्यासारखी दमलेली दिसली, रागावू नकोस. तोंडात एक पिल्लू मानेला धरलेलं. दुसरं मागून येत होतं आणि दगडावर अडलं होतं. ती थांबली, त्याची वाट बघत. तेवढ्या वेळात तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग कितीतरी वेळ मामाकडे. मग तिघं वरच्या रानात गेली.

मामाला उठवावं असं फार मनात आलं. त्यानं जन्मभर वाट बघितलीय. पण तोंड उघडायचं नाही हे त्यानंच शिकवलेलं. तो उठला तेव्हा मी काहीच बोलले नाही. आता कसं सांगू? झोपेत राहून गेलं हे कळलं तर तो मोडेल. तूच सांग, गप्प राहणं हे खोटं बोलणं असतं का?

परवाच्या बसनं येते. मशीनला आणि तुला पापी.

तुझी,
नेल्फी

*

सुंगाई लिंतांग,
२३ एप्रिल १९९५

चि. रस्मिदा हिस,
सलाम, आशीर्वाद आणि आभार, वि. वि.

साल विकली गेली, पैसे नेल्फीबरोबर पाठवलेत ते पोचले असतील. वरच्या अर्ध्या शेताला हात लावला नाही. आता तिथं कुणी नाही, पण पानं जून झाली आणि साल पुन्हा खोडाला चिकटली. पुढच्या पालवीला बघू. थोरली पिलं घेऊन वर गेली. आमच्या वावरण्यामुळे गेली की पिलं चालती झाली म्हणून, हे मी रोज स्वतःला विचारतो. ठरवता येत नाही. सोयीचं उत्तर निवडायला मन धजत नाही.

नेल्फी तुला काही बोलली असेल किंवा नसेल. मला बोलली नाही, आणि ते मला फार आवडलं. तुझ्यापाशी मात्र लिहून ठेवतो.

मी झोपलो नव्हतो. डोळे मिटले होते, एवढंच. आधी ओढ्यावरचे पक्षी गप्प झाले. मग वास आला, ओल्या घोंगडीसारखा. मग पोरीचा श्वास थांबला. त्यावरून कळलं की थोरली कुठं आहे: माझ्या पाठीमागे, दोन झाडं सोडून, इतकी जवळ. माझ्या अंगाखाली उन्हानं तडतडीत झालेली साल होती. नुसती कूस बदलली असती तरी कडाडली असती. पिलंवाली आणि नेल्फी, दोघींच्या मध्ये काही नव्हतं. म्हणून पडून राहिलो. लहान्याची नखं दगडावर घसरलेली ऐकली. थोरली थांबलेली ऐकली. माझ्या पाठीला ती नजर अजून जाणवते, पण ती मला उगाच वाटत असेल, त्याची खात्री देत नाही.

वळावंसं वाटलं का, असं तू विचारशील. वाटलं. इतकं वाटलं की दात दुखले.

नेल्फीला हे सांगू नकोस. मामा घोरत होता असंच तिला वाटू दे. ते बघणं तिचं एकटीचं राहू दे. उद्या पुन्हा पाहुणे आहेत, पुन्हा नवरंग, पुन्हा जळवा. कुणीतरी विचारेल, थोरली पाहिली आहे का. नाही म्हणेन. ते अजूनही खरंच आहे.

लोभ होता तेवढाच असू दे, आता उकळू नकोस.

तुझा,
दादा